ताराबाई शिंदे: कागद सांगतात तेवढे चरित्र

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या आयुष्याबद्दल नि:शंकपणे सांगता येईल असे जे काही आहे, ते एका छोट्या पुस्तकाभोवती गोळा झालेले आहे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्या पुस्तकाचे नाव. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते १८८२ साली छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिकेचे नाव, छापखाना, गाव, साल सगळे नीट नोंदलेले. जिने ते लिहिले तिच्या जन्माची तारीख मात्र कोणत्याही दप्तरात मिळत नाही आणि मृत्यूचीही नाही. चरित्रकोशांत ‘सुमारे १८५०’ आणि ‘सुमारे १९१०’ असे आकडे येतात. त्यांतला ‘सुमारे’ हा शब्द पुढच्या लेखकांच्या हातून हळूहळू गळत जातो आणि अंदाजाची तारीख होऊन बसते.

पुस्तकाची माहिती टिकली आणि बाईंची टिकली नाही, यामागे एक साधे कारण आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक केले होते. नाव, लेखक, छापखाना, पाने, प्रती, किंमत असे सगळे रकाने भरावे लागत. सत्तावन्नच्या उठावानंतर छापील मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी सरकारने ही पद्धत आणली आणि मराठी ग्रंथांच्या अभ्यासकांना तिच्यातून मोठा खजिना मिळाला. पण बुलढाण्याच्या एका मराठा घरात मुलगी जन्मली, तिचे लग्न झाले, ती वारली, याची नोंद ठेवणारा तसा रकाना नव्हता. चरित्र लिहायला बसणाऱ्याने ही विषमता पहिल्यांदा मान्य करावी लागते. जिथे कागद आहे तिथे ठामपणे बोलावे. जिथे फक्त आठवण आहे तिथे ‘सांगतात’ म्हणावे. आणि जिथे नुसता अंदाज आहे तिथे तो अंदाज कशावरून बांधला तेही लिहावे.

या कसोटीवर ताराबाईंच्या चरित्रातले पहिलेच वाक्य तपासून पाहू. ‘जन्म १८५०, बुलढाणा, वऱ्हाड प्रांत, ब्रिटिश हिंदुस्थान’ असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला तो मे १८५३ च्या तहाने. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने तो कारभारासाठी लावून दिला. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले आणि सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले. म्हणजे जन्मसाल १८५० धरले तर ताराबाई निजामाच्या मुलखात जन्मल्या, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मल्या असे धरायचे तर १८५० चुकते. दोन्ही गोष्टी एका ओळीत बसत नाहीत. या तपशिलाला मी महत्त्व देतो, कारण ज्या कचेरीने या कुटुंबाला बुलढाण्यात इभ्रत दिली, ती या तहाशिवाय तिथे आलीच नसती.

त्या कचेरीत ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. महसुलाचे काम पाहणारी ही डेप्युटी कमिशनरची कचेरी. बापूजींच्या नावावर १८७१ सालचे ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज’ हे पुस्तक आहे. कन्येच्या पुस्तकाच्या अकरा वर्षे आधी बाप छापखान्यापर्यंत पोचला होता आणि शिकलेल्या स्वकीयांना काही सांगावे असे त्याला वाटत होते, एवढे त्यावरून कळते. ताराबाईंना चार भाऊ आणि त्या एकुलत्या एक मुलगी, वडिलांनी त्यांना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले, लग्न लवकर झाले, नवरा घरजावई म्हणून राहिला, मूल झाले नाही. पुढच्या अभ्यासकांनी मिळवलेली ही माहिती आज सगळे चरित्रलेख देतात. बापूजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते, हेही त्याच ओघात येते.

या माहितीतला घरजावयाचा तपशील मात्र नुसत्या आठवणीवर उभा नाही. त्याला मुखपृष्ठाचा आधार आहे. पुस्तकावर नाव ‘ताराबाई शिंदे’ असे आहे आणि शिंदे हे वडिलांचे आडनाव. मराठा समाजात शिंद्यांची मुलगी सहसा शिंद्यांच्या घरात दिली जात नाही. म्हणजे लग्न झालेली, तिशी ओलांडलेली ही बाई माहेरच्या आडनावाने छापून आली. सासरच्या गावी नांदणाऱ्या बाईच्या बाबतीत त्या काळात हे जवळजवळ अशक्य होते. बापाच्या घरी राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते सहज घडले असेल. दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे इथे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून चरित्रात हे वाक्य मी पक्के धरतो.

शिक्षणाची गोष्ट तितकी सरळ नाही. निबंधात पुराणांतल्या सावित्री, द्रौपदी, अहल्या येतात आणि त्यावरून संस्कृतचे ज्ञान सिद्ध झाले असे मानले जाते. पण या कथा मराठी पोथ्यांतून, कीर्तनांतून घरोघर पोचलेल्या होत्या. निबंधातून नक्की सिद्ध होते ते चालू मराठी वाङ्मयाचे वाचन. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, स्त्रियांच्या कावेबाजपणाच्या गोष्टी सांगणारे ‘स्त्रीचरित्र’, या सगळ्यांचा ताराबाई नाव घेऊन समाचार घेतात. स्त्रिया अशा असतात हे तुम्ही कुठे पाहिले, असा त्यांचा या लेखकांना सवाल आहे. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. म्हणजे नव्या मराठी कादंबरीला जेमतेम वीस वर्षे होत होती आणि ती पुण्यामुंबईपासून दूर घाटावरच्या बुलढाण्यात वाचली जात होती, तीही बारकाईने. वाङ्मयाच्या इतिहासात या वाचनाची दखल फारशी घेतली गेलेली नाही. ताराबाई पहिल्या फळीच्या मराठी कादंबरीच्या समीक्षक आहेत. कादंबरीतली नायिका, नाटकातली कुलटा आणि बाजारात विकली जाणारी स्त्रीनिंदेची चोपडी एकाच रांगेत उभी करून तिघींचा कर्ता पुरुष आहे हे त्या दाखवतात. ही समज नंतरच्या टीकाशास्त्राला यायला बराच काळ जावा लागला.

निबंधाचे निमित्त कागदावर आहे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर १८८१ साली खटला चालला. वैधव्यात झालेले मूल तिने बदनामीच्या भयाने मारले, असा आरोप होता. फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा उसळली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या जुन्या मताच्या पत्राने या निमित्ताने नव्या चालीच्या स्त्रियांच्या नीतीवर कोरडे ओढले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या लेखनाला उत्तर म्हणून.

विजयालक्ष्मीचे प्रकरण एकाकी नव्हते. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच विधवांसाठी. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने मूल विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही हकीकत फुल्यांनी १८८४ साली समाजसुधारक मलबारींच्या टिपणांवर मत देताना लिहून ठेवली आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. कायदा होऊन पंचवीस वर्षे झाली तरी कोर्टात उभी राहत होती ती विधवा, आणि तिच्या पोटातल्या मुलाचा बाप कुठल्याच आरोपपत्रात नसे. ताराबाईंचा निबंध या न लिहिलेल्या नावाकडे बोट दाखवतो.

प्रस्तावनेत त्या स्वत:ला मराठा घराच्या रीतीभातीत कोंडलेली, लिहिण्याची सवय नसलेली बाई म्हणवतात आणि भाषा कडक झाली असेल हेही कबूल करतात. पुढे मात्र ही विनयाची भाषा उरत नाही. स्त्रियांवर जे जे दोष ठेवले जातात, अविचार, कपट, चंचलपणा, व्यभिचार, ते एकेक घेऊन पुरुषांच्या वागण्याशी ताडून पाहिले आहेत. लाच कोण खाते, विश्वासघात कोण करते, परदेशी कपडे अंगावर चढवून घरात मात्र जुना धर्म कोण सांगते, असे प्रश्न एकामागून एक येतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी तसा गेलेला एक तरी नवरा दाखवा, असे आव्हान आहे. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही, वरच्या म्हणवणाऱ्या इतर जातींनीही ती उचलली आहे, ही नोंदही आहे. स्वत:च्या मराठा समाजालाही त्यांनी या हिशेबातून वगळले नाही.

पुस्तकाचा त्या काळातला दुसरा भक्कम साक्षीदार म्हणजे फुले. १८८५ साली त्यांनी ‘सत्सार’ या नावाने दोन छोटे अंक काढले. दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख आहे, तो घरातल्या मुलीला लावावा तशा ममतेच्या शब्दाने, आणि त्यांच्या पुस्तकाची पाठराखण आहे. या उल्लेखातून तीन गोष्टी निघतात. तीन वर्षांत पुस्तक फुल्यांच्या हाती पोचले होते. त्यावर टीका झाली होती. आणि फुल्यांना ते पटले होते.

पण या एका उल्लेखावर पुढे बरेच मजले चढवले गेले. ताराबाई ‘सत्यशोधक समाजाच्या संस्थापक सदस्य’, ‘फुले दांपत्याच्या सहकारी’ अशी वाक्ये आज सर्रास दिसतात. समाजाची स्थापना झाली २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात. ताराबाई तेव्हा तेवीसेक वर्षांच्या, राहणार बुलढाणा. १८८५ च्या अंकातला आपुलकीचा उल्लेख १८७३ च्या सभेतली हजेरी शाबीत करू शकत नाही. वडील सत्यशोधक होते एवढ्यावरून मुलगी संस्थापक ठरत नाही. फुल्यांनी त्यांना आपले मानले, हे सप्रमाण वाक्य पुरेसे मोठे आहे. त्याला पदवीची जोड दिली की वाचकाला पुस्तकाऐवजी पद लक्षात राहते.

निबंधानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेले दिसत नाही. टीकेने खचून त्यांनी लेखणी ठेवली, असे या गप्प होण्याचे स्पष्टीकरण बहुतेक जण देतात. टीका झाली, हे ‘सत्सार’मुळे खरे. नंतर पुस्तक नाही, हेही खरे. या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ मात्र लेखकाच्या पदरचा आहे. वडिलांचे उतारवय, पुण्यातल्या छपाईचा खर्च, घरातली जबाबदारी, यांपैकी कोणतेही कारण तितकेच संभवते. ज्या बाईने सबंध पुरुषजातीला जाब विचारला तिला ‘खचलेली’ म्हणायला तिच्या हातची एक ओळ तरी हवी.

१८८२ च्या निबंधानंतर ९३ वर्षांचे अंतर आहे. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये निबंध पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी वाचकांना ताराबाई नव्याने भेटल्या. त्याआधी मालशे यांनी धनंजय कीर यांच्याबरोबर महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय संपादित केले होते, ते १९६९ मध्ये आले. फुल्यांचे संपादन आणि सहा वर्षांनी फुल्यांनी वाखाणलेल्या पुस्तकाचे पुनर्मुद्रण, ही वाट आपल्याला सरळ दिसते. ती तशीच चालली गेली असेल असे मला वाटते, आणि ‘वाटते’ हेच इथले प्रामाणिक क्रियापद आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्षही होते. पुढे विलास खोले यांनी चिकित्सक संपादन केले. सूसी थारू आणि के. ललिता यांच्या १९९१ च्या संकलनात माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादातून काही भाग गेला आणि १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी संपूर्ण इंग्रजी अनुवाद, दीर्घ प्रस्तावनेसह, ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध केला.

ही परंपरा ध्यानात ठेवावी लागते. आज एखाद्या चरित्रलेखाखाली पाच-सहा आधार दिलेले दिसले तरी घरगुती तपशिलांसाठी ते बहुतेक मालशे यांच्या प्रस्तावनेपाशी आणि त्यावर आधारलेल्या लेखनापाशी जाऊन थांबतात. ते सहा साक्षीदार नाहीत. एकाच साक्षीदाराचे म्हणणे सहा जणांनी ऐकलेले आहे. मालशे यांच्या कामाचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. ते नसते तर सांगायला काहीच नसते. पण ज्याच्याकडून माहिती आली त्याचे नाव मजकुरातच घेतले तर वाचकाला तिचे वजन कळते.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि बोत्स्वानात राहिलेल्या कादंबरीकार बेसी हेड यांच्या चरित्राशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. त्या १९३७ साली पीटरमॅरित्झबर्गच्या मनोरुग्णालयात जन्मल्या. आई गोरी, बाप काळा. घोड्यांच्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसापासून दिवस गेले म्हणून आईला घरच्यांनी वेडी ठरवून डांबले, अशी हकीकत बेसींना कळली, त्यांनी ती लिहिली आणि त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात ती उतरली. १९९५ मध्ये गिलियन स्टेड आयलर्सन यांनी चरित्र लिहिताना कागद तपासले, तेव्हा आईचा आजार गर्भारपणाच्या आधीचा निघाला आणि बापाचे नाव वा धंदा सांगणारा कागद निघालाच नाही. तबेल्याची गोष्ट वर्णभेदी राजवटीविरुद्ध इतकी चपखल होती की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटले नव्हते. बेसींची हजारो पत्रे सेरोवेच्या खामा स्मृतिसंग्रहालयात आहेत, म्हणून दुरुस्ती करता आली. ताराबाईंचा एकही पत्रव्यवहार चरित्रकारांच्या हाती नाही. त्यामुळे त्यांच्याबाबतीत चपखल बसणाऱ्या गोष्टीचा संशय अधिकच धरायला हवा.

विशेषणांनाही हाच न्याय लावावा. ‘आद्य स्त्रीवादी’, ‘पहिली स्त्रीवादी लेखिका’ ही बिरुदे प्रेमापोटी दिलेली आहेत, हे मी जाणतो. पण फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दु:खाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ साली आला, आणि त्यात मांग-महार बायकांच्या बाळंतपणातल्या हालांचा पाढा आहे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ ‘स्त्री-पुरुष तुलना’च्याच वर्षी, १८८२ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज उभा राहिला. रमाबाईंचे ते पुस्तक स्त्रियांना उद्देशून आहे. शिका, सुधारा, घर नीट चालवा, असा त्याचा रोख आहे. ताराबाईंचे पुस्तक पुरुषांना उद्देशून आहे. एकाच वर्षी, एकाच शहरात छापलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की ताराबाईंचे वेगळेपण जितके लख्ख दिसते तितके ‘पहिली’ म्हटल्याने दिसत नाही. स्त्रियांच्या सुधारणेचा प्रश्न त्यांनी पुरुषांच्या वर्तनाचा प्रश्न केला.

तटस्थपणे लिहायचे म्हणजे ताराबाईंचा राग सौम्य करून सांगायचा असा एक समज आहे, तो मला मुळीच मान्य नाही. त्यांचा राग ही छापील वस्तुस्थिती आहे. ‘त्यांनी समाजातील विषमतेवर भाष्य केले’ असे वाक्य सभ्य दिसते पण ते चुकीचे आहे, कारण ताराबाईंनी भाष्य केले नाही, जाब विचारला. तसेच ‘धगधगती ज्वाला’, ‘रणरागिणी’ असे लिहिणेही चुकीचे, कारण त्यांच्या निबंधात आरोप, दाखला आणि उलट सवाल असा वकिली क्रम आहे आणि ज्वालेची उपमा देऊन तो क्रम झाकला जातो. त्यांची पद्धत जशीच्या तशी सांगणे हीच तटस्थता. स्त्री आणि पुरुष दोघांना एकच माप लावा, ही मागणी करणाऱ्या बाईचे चरित्र लिहिताना पुराव्याचे माप ढिले करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मग आज कागदावर उतरेल ते चरित्र असे: ताराबाई शिंदे, बुलढाणा येथील मराठी निबंधकार, जन्म १८५० च्या सुमारास, वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क व ग्रंथकार, विवाहानंतरही वास्तव्य माहेरी, विजयालक्ष्मी खटल्यावरील ‘पुणेवैभव’च्या लेखनाला उत्तर म्हणून लिहिलेला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध, फुल्यांकडून १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये समर्थन, १९७५ मध्ये मालशे यांच्याकडून पुनर्मुद्रण, मृत्यू १९१० च्या सुमारास.

या ओळी वाढवायच्या असतील तर शोधाच्या जागा ठरलेल्या आहेत. वऱ्हाडचा कारभार १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चाले, त्यानंतर तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे बुलढाण्याच्या कचेरीतल्या नोकरवर्गाचे कागद एका ठिकाणी सापडणार नाहीत. रेसिडेन्सीची दप्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, प्रांताचा पत्रव्यवहार नागपुरात आणि जमिनीचे जुने अभिलेख बुलढाण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाहावे लागतील. बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते, तर आस्थापनेच्या यादीत त्यांचे नाव, पगार आणि निवृत्तीचे साल असायला हवे. त्यांच्या घराची किंवा शेताची वारसनोंद लागली तर चार भावांची नावे आणि कदाचित ताराबाईंचेही नाव त्यात असेल, आणि ती फेरफाराची नोंद त्यांच्या मृत्यूच्या सालाला ‘सुमारे’ या शब्दातून सोडवू शकेल. १८८१ आणि १८८२ चे ‘पुणेवैभव’चे अंक ओळीने वाचून नेमका कोणता लेख ताराबाईंच्या समोर होता ते निबंधाशी ताडून पाहण्याचे कामही याबरोबर करायला हवे, आणि बुलढाण्याच्या महाविद्यालयांत मराठी व इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना ते हाती घेता येण्यासारखे आहे.